सोफ्यावर बसून मिळणारे तारे

पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या काय किंवा खारघरच्या काय, सोसायटीतली मुलं खाली उतरत नाहीत. मग ‘निदान हलेल तरी’ म्हणून घरात उड्या मारायचे व्हिडिओ गेम येतात. मूल खरंच हलतं का, हे गेमच्या सेन्सरवर ठरतं.

हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायच्या वी स्पोर्ट्स गेमचं टेनिस सुरुवातीला दमवतं. पुढे मुलांना कळतं की नुसतं मनगट झटकलं तरी चेंडू जातो. पडद्यावरच्या नाचाची नक्कल करायच्या जस्ट डान्समध्ये फोन उजव्या हातात असेल तर गुणही त्या हाताचेच, त्यामुळे सोफ्यावर बसूनही तारे मिळतात. रिंग फिट अ‍ॅडव्हेंचरला चकवणं जरा अवघड. त्याचा एक सेन्सर हातात धरायच्या रिंगमध्ये आणि दुसरा डाव्या मांडीच्या पट्ट्यात असतो. मात्र बारीक मुलांचा पट्टा खाली घसरतो, स्क्वॉट (उठाबशा) मोजले जात नाहीत आणि मूल चिडून गेम बंद करतं. पट्टा घट्ट बांधा आणि मधे एकदा तपासा.

अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये 9 ते 12 वर्षांच्या मुलांवर 13 आठवड्यांचा एक अभ्यास झाला, 2012 साली प्रसिद्ध झाला. असे गेम मिळालेल्या मुलांची एकूण हालचाल बसून खेळायचे गेम मिळालेल्यांपेक्षा जास्त भरली नाही. गेम आणून दिला की काम झालं, असं नसतं. उलट तिथल्याच लुइझियाना राज्यातल्या 24 आठवड्यांच्या प्रयोगात जाडसर मुलांना ठरलेलं वेळापत्रक आणि व्हिडिओ कॉलवर प्रशिक्षक दिला, तेव्हा वजनाच्या निर्देशांकात (उंचीच्या मानाने वजन, BMI) थोडी घट झाली. माझ्या मते तिथे कमाल गेमपेक्षा पाठपुराव्याची.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. त्यातली 20 मिनिटं गेममधून काढायची तर 5 मिनिटं अंग मोकळं करून मग चार-पाच जोरकस गाणी, मधे मिनिटभर विश्रांती. वेळ फक्त गाण्यांचाच मोजा. मेनू चाळण्यात आणि अवतार सजवण्यात अर्धा तास सहज जातो. जोर पुरेसा आहे का? मुलाला बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

टाइल्सवर मोजे घालून नाचू देऊ नका, पाय घसरतो. योगा मॅट उडीबरोबर सरकते. एकमेकांत अडकणारे जाड फोमचे तुकडे बरे, खालच्या मजल्यावर धपधपही कमी जाते. रिंग फिटच्या शांत मोडमध्ये धावण्याऐवजी गुडघे वाकवायचे असतात, रात्री तोच लावा. टीव्हीपासून दोन मीटर जागा, टीपॉय बाजूला, आणि हात वर करून उडी मारताना पंखा लागत नाही ना ते आधी बघा.

चेंडू झेलणं, नेम धरून फेकणं, धावताना वळणं हे टीव्हीसमोर येत नाही. उघडीप मिळाली की त्यासाठी मैदानच, चिखल असला तरी.