आधी स्पूल बघा, मग मशीन

मागच्या दिवाळीत माळा आवरताना आप्पांची पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले टेपचे 7 स्पूल निघाले. 5 इंची. डब्यांवर आप्पांच्या अक्षरात निळ्या शाईने "कानबाई, घरचं" एवढंच. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी. दादा म्हणाले, अरे याच्यात तुझ्या आजीचा आवाज असंल, आप्पांनी कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता, मी लहान होतो, रातभर बाया गात होत्या. आजीला जाऊन 22 वर्षं झाली. फोटो आहेत तिचे, आवाज कुठेच नाही. त्यामुळे स्पूल वाजवणारं मशीन घ्यायचं हे त्याच रात्री ठरलं.

पण पहिला महिना मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली. मशीनचे फोटो बघत बसलो, कुठलं छान दिसतं, कुणाचे मीटर मोठे, मोठा साडेदहा इंची स्पूल बसणारं घ्यावं का वगैरे. खरं तर आधी स्वतःच्या टेपा बघायच्या असतात. टेप पाव इंच रुंदीची, पण त्या पाव इंचात रेकॉर्डिंग कसं बसवलंय त्याचे प्रकार आहेत. जुन्या घरगुती मोनो मशीनवर बहुतेक हाफ ट्रॅक असायचा, म्हणजे टेपच्या वरच्या अर्ध्यात एक बाजू, स्पूल उलटवला की खालच्या अर्ध्यात दुसरी. नंतरच्या घरगुती स्टिरिओ मशीनला क्वार्टर ट्रॅक, चार पट्ट्या, दोन जाताना आणि दोन येताना. हाफ ट्रॅकची टेप क्वार्टर ट्रॅकच्या मशीनवर ऐकता येते, पण क्वार्टर ट्रॅकची टेप हाफ ट्रॅकच्या मशीनवर लावली तर त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, दोन्ही बाजू एकदम वाचतं आणि गाण्यात दुसरं गाणं उलटं मिसळून येतं. स्पीडचंही तसंच. सेकंदाला 19 सेंटीमीटर म्हणजे साडेसात इंच, 9.5 म्हणजे पावणेचार, आणि त्याच्या निम्मा 4.75 पण असतो. घरगुती रेकॉर्डिंग जास्त करून पावणेचारला, टेप वाचवायला. साध्या जाडीच्या टेपचा 5 इंची स्पूल त्या स्पीडला एका बाजूला अर्धा तास चालतो. म्हणजे माझं काम 7 इंची स्पूल बसणाऱ्या, साडेसात आणि पावणेचार असे दोन स्पीड असलेल्या क्वार्टर ट्रॅक मशीनवर भागणार होतं. एवढं कळलं आणि अर्धी यादी आपोआप गळाली.

एक मशीन जवळजवळ घेतलंच होतं. दिसायला इतकं सुंदर, एका माणसाने अमेरिकेतून आणलेलं, पुण्यात होतं. मी विचारलं 110 व्होल्टचं आहे ना, तर म्हणे स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावा, चालतं. चालतं खरं, पण तिकडची वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50, आणि ज्या मशीनची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते ती आपल्याकडे सहाव्या हिश्शाने हळू फिरणार. सा लावला तर खालचा धैवत ऐकू येईल. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. काही मशीनमध्ये पुली नाहीतर कॅपस्टनवरची, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्यावरची, नळी बदलून 50 ची सोय होते, पण तो सुटा भाग सोबत असला पाहिजे, आणि या माणसाकडे तो नव्हता. रेव्हॉक्स कंपनीचं ए77 मशीन, जे 1967 ला आलं, त्याच्या कॅपस्टन मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, तिथे ही भानगड नाही, पण तशा मशीनची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची. सोडून दिलं. वाईट वाटलं, दोन दिवस तोच फोटो उघडून बघत होतो.

शेवटी मशीन भुसावळला मिळालं. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, त्यांच्या मोठ्या भावाचं होतं. अमळनेरहून पॅसेंजर पकडली, पिशवीत एक कोरा स्पूल, टॉर्च, इअरबड्स, बाटलीत पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. आजीचे स्पूल मुद्दाम घरी ठेवले. अनोळखी मशीनवर आपली एकुलती एक टेप कधीच लावू नका, कॅसेटची मागची प्लास्टिकची कडी तोडली की ती पुसली जायची नाही, स्पूलला तसली काही सोय नाही, चुकून रेकॉर्ड दाबलं की गेलं.

काकांनी लगेच वायर लावायला घेतली, मी म्हटलं काका थांबा, आधी बंद असतानाच बघू. मागचं झाकण काढलं तर बेल्ट वितळून पुलीवर डांबर झालेलं, बोटाला लागलं ते साबणाने पण निघेना, काकूंनी शेवटी रॉकेल दिलं. बघून पोटात गोळा आला, पण बेल्ट वितळणं हे खरं तर सगळ्यात स्वस्तातलं दुखणं, नवीन बेल्ट मागवता येतो. महाग दुखणं हेडचं. हेडवर नख वरून खाली फिरवलं, टेपच्या कडेपाशी पायरी लागली तर समजायचं हेड घासलंय. इथे नख अलगद गेलं. पिंच रोलर, म्हणजे टेप कॅपस्टनवर दाबून धरणारं रबरी चाक, दाबून बघितला, रबर कडक झालेलं पण तडा नाही. कॅपस्टन हाताने फिरवला, कुठे अडकत नव्हता. पण बेल्टशिवाय प्ले होणार नाही, म्हणजे आवाज न ऐकता पैसे द्यायचे, हे मला पटत नव्हतं. काकांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, तू बेल्ट घेऊन ये, मी कुणाला देत नाही. आणि खरंच 3 आठवडे ठेवलं त्यांनी.

दुसऱ्या वेळी डांबर पुसून बेल्ट बसवला, स्विच दिल्यावर 10 मिनिटं नुसतं चालू ठेवलं, जळका वास येतो का ते बघत. मग मोबाईलवर तानपुरा लावून दोन्ही चॅनेलवर रेकॉर्ड केला आणि परत ऐकला. तानपुऱ्यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही, सूर जरा जरी डुलला तरी कान पकडतो. थोडा डुलत होता, रोलरमुळे. उजव्या बाजूला हम, म्हणजे सततची घूं घूं होती, ती कंडेन्सरची निघाली. स्पूल शेवटपर्यंत पळवून मध्येच स्टॉप दाबला, टेपचा गुंता झाला नाही, म्हणजे ब्रेक ठीक. 11000 सांगितले होते, 8500 ला सुटलं. काकूंनी जुनी गोधडी दिली गुंडाळायला, 15 किलोच्या आसपास वजन, सीटवर शेजारी ठेवून हात धरून आणलं.

रोलर आणि कंडेन्सर बदलून झाल्यावर, फेब्रुवारीत, पहिला स्पूल लावला. त्याआधी प्रत्येक स्पूल उजेडासमोर धरून बघितला, 2 मधून उजेड आरपार येतो, म्हणजे त्या अ‍ॅसिटेटच्या आहेत, ठिसूळ, पटकन तुटतात, त्या शेवटी लावणार. हेडफोनमध्ये डाव्या कानात बायकांचा गलबला सुलटा आणि उजव्या कानात काहीतरी उलटं, म्हणजे हाफ ट्रॅकच, दुसरी बाजू उलटी वाजत होती. उजवा चॅनेल बंद केला. कुणीतरी म्हणालं "आठे बठ", म्हणजे इथे बस, मग अगदी जवळून "माले लाज वाटस", आणि दादा जागेवरून उठले. आजी होती ती. आमच्या माळ्यावर वर्षानुवर्षं उन्हाळ्याचे 44-45 डिग्री सोसलेत त्या टेपांनी, त्यामुळे एका वेढ्याचं दुसऱ्यावर थोडं उमटलंय, प्रत्येक ओळीच्या आधी तीच ओळ लांबून आल्यासारखी ऐकू येते. ते मी साफ करणार नाहीये.

लॅपटॉपवर 3 स्पूल उतरवून झालेत. रोज संध्याकाळी आई वही घेऊन बसते, अहिराणी शब्द लिहून घेते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तोपर्यंत पाचवा स्पूल व्हावा असं चाललंय. एका ओळीत मात्र 4 दिवस अडकलोय, दादांना एक शब्द ऐकू येतो, आईला दुसरा, उद्या आत्या येणार आहे पारोळ्याहून, तिला ऐकवायचं.