नदी, नागरिक आणि माहितीचा हक्क

कोणता कारखाना नदीत काय सोडतो, हे विचारण्याचा हक्कच नागरिकाला नसेल, तर नदी वाचवण्याच्या योजना कागदावरच राहतात, असे माझे ठाम मत आहे. १९९८ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे झालेल्या करारामुळे पर्यावरणाची माहिती मिळवणे, निर्णयप्रक्रियेत भाग घेणे आणि न्यायालयात दाद मागणे हे तीन हक्क एकाच चौकटीत आले. यांपैकी सहभाग फार लवकर पोकळ होतो: तांत्रिक भाषेतला जाडजूड अहवाल सुनावणीच्या आदल्या दिवशी हाती पडतो आणि बोलायला जेमतेम दोन मिनिटे मिळतात. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ, निरोगी व शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क मानला. मात्र तो ठराव बंधनकारक नसल्यामुळे, त्याला बळ देणारी स्वतंत्र न्यायालये आणि निर्भय पत्रकार मला अत्यावश्यक वाटतात.