तुम्ही विचारलंत म्हणून: होलोग्राममधला बैल मान कशी हलवतो?

‘भाऊ, फिल्म तर सपाट आहे, मग त्यातला बैल मान कशी काय हलवतो, मागे बॅटरी लावली का?’ तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलाचा डिजिटल होलोग्राम, म्हणजे सपाट फिल्मवर उमटवलेलं त्रिमिती चित्र, करून घेतला तेव्हापासून धरमपेठेत भेटेल तो हेच विचारतो, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

बॅटरी नाही, वायर नाही, स्क्रीन पण नाही. फिल्म जागची हलत नाही, हलता तुम्ही.

आधी हे सांगतो की सीताबर्डीत दुकानांपुढे तो एलईडीचा पंखा फिरतो ना, तो होलोग्राम नाही, आणि 2022 ला इंडिया गेटवर नेताजींची प्रतिमा होती ते पण पारदर्शक पडद्यावरचं प्रोजेक्शनच होतं. दिसायला भारी, वादच नाही. पण खऱ्या होलोग्राममध्ये दोन लेझर किरण एकमेकांत मिसळून तयार झालेली अतिबारीक नक्षी फिल्ममध्येच उमटलेली असते. डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाने ही कल्पना 1947 मध्ये काढली, लेझर यायच्या कितीतरी आधी, आणि 1971 ला त्यांना नोबेल मिळालं.

जुन्या पद्धतीत खरी वस्तू लेझरसमोर ठेवायची, आणि एक्स्पोजर चालू असताना ती केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी हलली तरी सगळं वाया. नागपूरच्या मे महिन्यात कूलर चालू ठेवून तर विसराच. डिजिटलमध्ये बैल कम्प्युटरवरचा, त्याच्या वेगवेगळ्या कोनांतून शेकडो फ्रेम रेंडर करायच्या, म्हणजे कम्प्युटरकडून चित्रं काढून घ्यायची, आणि प्रिंटर त्या फिल्मवर मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान चौकोनांत लेझरने उमटवत जातो. या चौकोनाला होगेल म्हणतात, तो प्रत्येक दिशेला वेगळा प्रकाश पाठवतो. आता रेंडर करताना कम्प्युटरमधला कॅमेरा थोडा सरकला की बैलाची मानही थोडी सरकवायची, झालं ॲनिमेशन! तुम्ही डावीकडून उजवीकडे चालता आणि फ्रेम एकामागून एक दिसत जातात.

खरी कला पुढेच आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे हातभरावरून बघितलं तर दोन्ही डोळ्यांच्या कोनात सात-आठ अंशांचा फरक पडतो, म्हणजेच एका डोळ्याला आत्ताचा बैल दिसतो आणि दुसऱ्याला जरा नंतरचा. मान झटक्यात फिरवली की दोन बैल दिसणार. मान आडवी हलवली तर अजूनच पंचाईत, कारण मेंदू तो आडवा फरक खोली समजतो आणि तोंड उगाच पुढे आल्यासारखं किंवा मागे गेल्यासारखं वाटतं. म्हणून माझा बैल मान वर-खाली करतो, तीही सावकाश, आणि शिंगांवरचे गोंडे मी जवळजवळ स्थिर ठेवलेत.

बघायला याल तेव्हा ट्यूबलाइट बंद करायला सांगा, वरून एकच स्पॉटलाइट पाहिजे. गोंडे किंचित पुसट दिसले तर एक डोळा मिटून बघा, लगेच स्वच्छ होतात.