आमची वाटचाल: हळदीचा साबण पिवळा का नसतो

स्टॉल लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, यात कॉस्टिक तर नाही ना?" आम्ही सरळ सांगतो की घालतो. कॉस्टिक सोड्याशिवाय वडी होतच नाही, तेल आणि कॉस्टिकची रिअ‍ॅक्शन म्हणजेच साबण, फक्त माप बरोबर असेल तर शेवटी वडीत ते कॉस्टिक म्हणून उरत नाही. बरेच जण साबणाचा तयार बेस आणून वितळवून साच्यात ओततात आणि वर नो केमिकल लिहितात, ओतण्यात वाईट काही नाही, पण तो बेसही कुणीतरी कॉस्टिकसारखी अल्कली घालूनच बनवलेला असतो ना. हे ऐकून थोडं गिऱ्हाईक पळतं, पळू दे.

सुरुवात काही फार प्लॅन करून झाली नाही. आम्ही इंदूरचे, हे जवळच पिथमपूरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते आणि मी दिवाळीचं उटणं करून रामबागेतल्या ओळखीच्या घरी द्यायचे, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा सगळं सियागंजच्या बाजारातून आणून घरीच दळायचं. मग बायका म्हणायला लागल्या की उटणं चार दिवसांचं, वर्षभर लावायला काहीतरी द्या. म्हणून साबण. ह्यांनी आधी ग्रॅमचा काटा आणला आणि अंदाजपंचे काही करायचं नाही हे तिथेच ठरलं, कारण प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं, किलोभर खोबरेलाला साधारण 183 ग्रॅम आणि एरंडेलाला 128च्या आसपास, आणि त्यातही आम्ही 5 टक्के कमीच घालतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि अंग ओढल्यासारखं होत नाही. भांडी फक्त स्टीलची, अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं. आणि कॉस्टिक पाण्यात हळूहळू सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते एकदम उकळून अंगावर उडतं. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय आमच्याकडे कुणीही भांड्याजवळ जात नाही, मीसुद्धा नाही.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी रंगांची. लोकांना वाटतं जास्वंद घातली की लाल साबण, पालक घातला की हिरवा. जास्वंदीचा लाल रंग कॉस्टिकमध्ये टिकत नाही, मळकट खाकी होतो, बीट तपकिरी पडतं, गुलाबाच्या पाकळ्या तर काळ्या पडून उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसतात (माफ करा, पण दिसतात). हळदीचं आपल्या बायकांना सांगायला सोपं जातं, कारण हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे सगळ्यांना माहीत असतं, तेच इथे होतं, घाणा, म्हणजे एका वेळी कालवलेलं साबणाचं मिश्रण, एकदम विटकरी लाल दिसतो आणि वडी वाळत जाते तसा तो हळूहळू केशरी-मोहरीसारख्या रंगावर येतो. ऊन लागलं तर तोही उडतो, म्हणून हळदीच्या वड्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवत नाही.

माझं लाडकं रतनजोत. सियागंजात मागितलं तर दुकानदार म्हणाला, "दीदी, ये तो रोगन जोश में डलता है." बरोबरच आहे. ती मुळं तेलात भिजत ठेवायची, पाण्यात रंग उतरत नाही, थोड्या दिवसांनी तेल गडद लाल होतं, अगदी डाळिंबाच्या रसासारखं, आणि त्यात कॉस्टिकचं पाणी पडलं की डोळ्यांसमोर लाल जाऊन जांभळा, कधी निळसर. किती निळा ते कॉस्टिक आणि मुळं यांच्यावर असतं, दोन घाण्यांचा रंग कधी हुबेहूब जुळत नाही. एका दुकानाने यावरूनच माल परत केला, म्हणे मागच्यासारखा नाही. तेव्हापासून आम्ही दुकानांना आधीच सांगतो, एकसारखा रंग हवा असेल तर आमच्याकडे येऊ नका. मंजिष्ठा त्या मानाने शहाणी, गुलाबी-विटकरी देते आणि टिकते. कडुलिंबाची पूड आधी हिरवी असते, मग शेवाळी-तपकिरी होते, ते आम्ही तसंच ठेवलंय, वरून हिरवा डाय घालायचा नाही.

फेसाची तक्रार मुख्यतः ज्यांच्याकडे बोअरिंगचं पाणी आहे त्यांच्याकडून येते. जड पाण्यात कॅल्शियम असतं, ते साबणाशी मिळून पांढरा थर धरतं, मग फेस कुठून येणार. नळाला नर्मदेचं पाणी ज्यांच्याकडे येतं ते फारसं बोलत नाहीत. आम्ही घाण्यात डिस्टिल्ड वॉटरच वापरतो, आणि खोबरेल थोडं वाढवलं, त्याने फेस सुधारला. पावसाळ्यात वड्यांना घाम फुटतो, दवाचे थेंब असावेत तसे, ते आतलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं म्हणून. मोठे कारखाने बरेचदा ते ग्लिसरीन काढून वेगळं विकतात, आमच्यात ते राहतं. पुसून पंख्याखाली ठेवायच्या, बाकी काही नाही.

विकायला लागलो तेव्हा लायसन्स घ्यावंच लागलं, साबण कॉस्मेटिकमध्ये येतो, आता कॉस्मेटिक्स रूल्स 2020 लागू आहेत, वेगळी जागा, रेकॉर्ड, लेबलचे नियम, सगळं. त्याच्या खेट्यांविषयी लिहायला बसले तर हे पान पुरणार नाही. एक मात्र बरं झालं, पिंपल जातील, खाज जाईल असं लेबलवर लिहा म्हणून जे मागे लागायचे त्यांना सरळ सांगता येतं की असा दावा केला तर ते औषधात जातं, आमचा साबण आहे.

आता दिवाळीच्या ऑर्डरविषयी, कारण दरवर्षी धनत्रयोदशीला फोन येतात की उटण्याच्या साबणाच्या पन्नास वड्या उद्या पाहिजेत, गिफ्टला. वडी कापल्यावर चार ते सहा आठवडे वाळू द्यावी लागते, नाहीतर दोन आंघोळीत विरघळते. गणपती बसले की आम्ही दिवाळीचे घाणे टाकतो आणि तेवढेच टाकतो, त्यामुळे अनंत चतुर्दशीच्या आत सांगून ठेवा. रंग विचारू नका, जो येईल तो.