भिंतीपलीकडचा माणूस आणि यंत्र

आज तलावपाळीच्या कट्ट्यावर शेंगदाण्याची पुडी संपेपर्यंत मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांच्या आज्ञाधारकतेवरील प्रयोगांवर वाद घातला. १९६१ साली येल विद्यापीठात सुरू झालेल्या या प्रयोगांपैकी सर्वाधिक गाजलेल्या प्रयोगात, उत्तर चुकल्यावर ज्याला विजेचे धक्के द्यायचे, त्या माणसाच्या धडका भिंतीपलीकडून ऐकू येऊनही, ४० पैकी २६ जणांनी प्रयोग घेणाऱ्या कोटधारी माणसाच्या सांगण्यावरून ४५० व्होल्टचा अखेरचा खटका दाबला होता (धक्के अर्थातच खोटे होते). २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले असता जेमतेम ३६ टक्के अभ्यासांतच ठोस निष्कर्ष मिळाले, तेव्हा एका प्रयोगावरून मनुष्यस्वभाव ठरवू नये, हे तिचे म्हणणे रास्तच आहे. तरीही कृत्रिम बुद्धिमत्ता बंड करील यापेक्षा, ती ठामपणे सांगेल ते आपण निमूटपणे करू, याचीच मला अधिक धास्ती वाटते.