बुंदीचा उजवा कान

लिफ्टमध्ये, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, परवा तर मासेवालीनेही तेच विचारलं: "हिच्या कानाला काय झालं गं?" बुंदी आमची कॉकर स्पॅनियल, नऊ वर्षांची. डावा कान लांब, मऊ, कुरळ्या केसांचा. उजवा सुकलेल्या आमसुलासारखा. दुसऱ्या कुत्र्याने चावलं का, असं बरेच जण विचारतात. एका आजोबांनी "तुम्ही पिरगळलात का?" असंही विचारलं होतं. मी "इन्फेक्शन" म्हणून पुढे सटकते. आता एकदाच सगळं सांगून टाकते.

पिरगळला नाही. पण आजोबा फार चुकलेही नव्हते.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये ती कान खाजवायला लागली. आंबून उतू गेलेल्या इडलीच्या पिठासारखा वास. डॉक्टरांनी कानातला मळ काचेवर पसरला, रंग दिला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. जांभळे ठिपके, मधे आवळलेले, हुबेहूब भुईमुगाच्या शेंगा. यीस्ट. ते कातडीवर एरवीही असतं, ऊब आणि ओल मिळाली की फोफावतं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते, आणि बुंदीच्या बाबतीत वर लोंबत्या कानाचं झाकण. जुलैत आमच्याकडे दोरीवरचे टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत, तिथे तो कान काय वाळणार!

ड्रॉप्स चौदा दिवस घालायचे होते. सहाव्या दिवशी वास गेला, मी थांबवले. आळस नव्हता हो. बाटली दिसली की ती पलंगाखाली शिरायची, दोघांनी धरावं लागायचं, आणि नवरा सकाळी सातलाच बाहेर पडतो. बरं, थोडा आळस होता.

पंधरा दिवसांत वास परत आला. आणि मग मी तेल घातलं. कोमट खोबरेल, दोन थेंब. सासूबाई म्हणाल्या हे खरं, पण त्यांच्यावर ढकलत नाही. माझ्या मुलाच्या कानातही मीच घालायचे. आधीच ओल्या, चिकट झालेल्या त्या वळणात आणखी तेल. आतला पडदा शाबूत आहे का, हे तरी कुठे माहीत होतं मला?

त्या रात्री ती झोपली नाही. पिळलेला टॉवेल झटकावा तसा फट्‌फट् आवाज, थांबून थांबून. दोनला मी उठून तिचं डोकं मांडीवर घेतलं. "गप बस गं," म्हटलं. चिडूनच म्हटलं. हे अजून डोक्यातून जात नाही.

सकाळी उजवा कान तळलेल्या करंजीसारखा फुगलेला होता. गरम, जड, दाबला की आत पाणी हलल्यासारखं. मला वाटलं गांधीलमाशी चावली असेल, म्हणून आणखी दोन दिवस घालवले. झटकून झटकून कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटली होती आणि कातडी नि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठलं होतं. डॉक्टरांनी सुईने काढलं, चार दिवसांत पुन्हा भरलं. मग ते म्हणाले, भूल देऊन टाके घालू, नाहीतर कान आकसेल. मी नाही म्हटलं. भुलीची भीती वाटली. रक्त जिरत गेलं आणि कान चुरगळत गेला. दुखत नाही आता, पण नळीचं तोंड अरुंद झालंय, म्हणजे हवा आणखी कमी.

तेव्हा हो म्हणायला हवं होतं का? नवरा म्हणतो, हो. मी रोज वेगळं उत्तर देते.

आता काय करते, तेही विचारता. कान भिजला की बोटाला कापूस गुंडाळून, बोट जाईल तिथवरच पुसते. कानकाडी घरातून हद्दपार, ती मळ आतच ढकलते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी दिलेलं क्लीनर भरून कानाच्या मुळाशी चोळते, पचपच आवाज येईपर्यंत, आणि तिला झटकू देते. रोज नाही, रोज धुतलं तर कातडी ओलीच राहते. जुने ड्रॉप्स फेकून दिले. वास आला की आधी स्लाइड, मग औषध.

एवढं करूनही गेल्या जुलैत पुन्हा झालंच. डॉक्टर म्हणतात मूळ अ‍ॅलर्जीत असावं, पंजेही चाटते ना ती. म्हणून आठ आठवडे चिकन बंद करून पाहिलं, घरातल्या सगळ्यांना तंबी देऊन. पंजे चाटणं कमी झालं. कानाचं काही कळलं नाही, कारण पाचव्या आठवड्यात कुणीतरी तिला चिकन लॉलीपॉपचा तुकडा दिला. कुणी, ते अजून कबूल केलेलं नाही.

काल अंघोळीनंतर डाव्या कानाशी नाक नेलं. किंचित आंबूस वाटलं. नवऱ्याला हुंगायला लावलं, तो म्हणाला शाम्पूचा आहे. उद्या स्लाइड करायला नेते आहे.