शनिवारचं इथाका, मंगळवारचं इथाका

अमेरिकेतल्या कॉलेजगावात पदवीदानाच्या शनिवार-रविवारी खोली शोधू नका, असं सांगून काही उपयोग नाही. ज्याला जायचं असतं, त्याला नेमकं त्याच दिवशी जायचं असतं. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळवणं सोपं, इतकी मारामार. दर एरवीच्या तिप्पट, किमान तीन रात्री घ्यायची सक्ती, पैसे आगाऊ आणि परत मिळायचे नाहीत. हॉटेलचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे हीच तऱ्हा होती. भाचा इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठातून नगरनियोजनात एम.आर.पी. (मास्टर ऑफ रीजनल प्लॅनिंग) होणार होता, त्याच्या आईबाबांना व्हिसा मिळाला नाही, म्हणून आमची वर्णी लागली. नाही कसं म्हणणार? भरले पैसे.

न्यूयॉर्कहून बसने पाच तास. ते मी झोपून काढले.

शनिवारचा समारंभ स्टेडियममधे. काळे झगे, भाषणं, टाळ्या, ऊन. भाचा पडद्यावर दिसला की नाही यावर आमचं आणि नवऱ्याचं अजून एकमत नाही. रतन टाटा इथेच वास्तुशास्त्र शिकले, हे मात्र नवऱ्याने शेजारच्या तीन अनोळखी कुटुंबांना सांगितलं.

संध्याकाळी टेकडी उतरून खाली गावात आलो, कॉमन्सवर. कॉमन्स म्हणजे इथाकाचा जुना बाजाररस्ता, स्टेट स्ट्रीटचा मधला तुकडा, गाड्यांना बंद. दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती, खाली दुकानं, मधे बाक आणि झाडं. त्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक हॉटेलाबाहेर झगेवाली मुलं, त्यांच्या आज्या, फुलांचे गुच्छ. टेबलासाठी दीड तास थांबा म्हणाले. शेवटी बाकावर बसून पिझ्झा खाल्ला. "गाव चांगलं पैसेवालं दिसतंय," असं मी म्हटलं, तर भाचा हसला. "मावशी, मंगळवारी बघ."

सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी, परतीच्या बस भरलेल्या. त्यामुळे मंगळवार दुपारपर्यंत मुक्काम आपोआप वाढला. शेवटची रात्र भाच्याच्या खोलीत जमिनीवर काढली. गाद्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या.

त्या कुठे गेल्या ते मंगळवारी सकाळी कळलं. विद्यापीठाला लागून कॉलेजटाउन नावाचा भाग आहे. तिथे फुटपाथवर गाद्या, टेबलफॅन, खोलीत उभे करायचे उंच दिवे, न फोडलेलं पास्त्याचं पाकीट, एक आख्खा सोफा आणि त्यावर चिठ्ठी: 'चांगला आहे, न्या'. विद्यापीठ यातलं बरंच सामान गोळा करून ऑगस्टमधे नव्या मुलांना स्वस्तात विकतं म्हणे. पण हे ढीग बघून माझा जीव गलबलला. एक नवाकोरा पंखा मी उचललाच. नवऱ्याने तोंड फिरवलं.

तिथून बफेलो स्ट्रीटने खाली. हा रस्ता इतका उभा आहे की गुडघ्यांना प्रत्येक पावलाचा हिशेब लागतो. गावाचं दुखणंही याच उतारावर आहे, असं भाचा म्हणाला. विद्यापीठ वर, गाव खाली. वर आता जेवण, कॉफी, कपडे, सगळं मिळतं. मग त्या पोराने गुडघे दुखवत खाली का यावं?

कॉमन्सवर चिटपाखरू नव्हतं. अतिशयोक्ती नाही; एक माणूस कुत्र्याला फिरवत होता आणि एक बाई फळा बाहेर मांडत होती. शनिवारी ज्या काचेसमोर रांग होती तिथे आत खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. त्याच्या शेजारच्या रिकाम्या गाळ्यावर 'भाड्याने देणे आहे'. शनिवारी गर्दीत तो दिसलाच नव्हता.

फळा मांडणारी बाई भेटवस्तूंच्या छोट्या दुकानाची मालकीण निघाली. सत्तरीची असावी. मेणबत्त्या, कार्डं, हाताने केलेले मग. दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे गप्पांना जोर आला. मी विचारलं, शनिवारी तर जत्रा होती, धंदा झाला असेल? ती म्हणाली, लोक जेवतात खाली आणि खरेदी करतात वर. सगळ्यांना कॉर्नेलचं नाव छापलेला शर्ट हवा असतो, माझा मग कोणाला हवाय? मुलं नऊ महिने असतात, भाडं बारा महिने असतं.

तिने सांगितलेला इतिहास भाच्याने मान डोलावत पुरा केला, दोघांची चांगली जोडी जमली. शहराबाहेर फुकट पार्किंगवाले मॉल येऊ लागले तेव्हा अमेरिकेतल्या गावांनी बाजाररस्ते गाड्यांना बंद करायचा उपाय काढला. सुरुवात १९५९ मधे मिशिगनमधल्या कॅलामाझूने केली. इथाकाने सत्तरच्या दशकाच्या मध्यात केलं. बहुतेक गावांचा तो डाव फसला आणि त्यांनी रस्ते परत गाड्यांना उघडले. जे टिकले त्यांतली काही नावं भाच्याने बोटांवर मोजली: बोल्डर, बर्लिंग्टन, शार्लट्सविल, आयोवा सिटी, इथाका. सगळी विद्यापीठांची गावं! बिनगाडीची तरुण पोरं हाकेच्या अंतरावर असली तरच चालणाऱ्यांचा बाजार जगतो. बाई म्हणाली, मला हे कोणी सांगायला नको, मे ते ऑगस्ट मी हेच बघते. आणि गंमत म्हणजे ज्याने गावाचं गिऱ्हाईक पळवलं, तो शेजारच्या लॅन्सिंग गावातला मॉल आता स्वतःच ओस पडलाय.

२०१३ ते २०१५ कॉमन्स उखडून नव्याने केलं, कारण खालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या जुनाट झाल्या होत्या. त्या काळात तिच्या दारापर्यंत कुंपणांमधून वाट काढत यावं लागायचं. "फरसबंदी छान झाली," ती म्हणाली, "पण तोवर शेजारी निघून गेले."

गल्ल्याच्या काचेखाली तिने एक नोट ठेवली होती, मी आधी कूपन समजले. ती 'इथाका अवर'. १९९१ मधे या गावाने स्वतःचं कागदी चलन काढलं होतं. एक अवर म्हणजे दहा डॉलर, साधारण एका तासाची मजुरी. गावचा पैसा गावातच फिरावा, मॉलवाल्याकडे जाऊ नये, हा हेतू. सुतारापासून दुकानदारापर्यंत लोक घ्यायचे. पुढे ते मावळलं. तिने नोट काढून माझ्या हातात दिली. चांगली जाड, सुबक छापलेली, 'इन इथाका वुई ट्रस्ट' लिहिलेली. मला तर सगळ्या कॉमन्सपेक्षा ही नोटच जास्त आवडली.

आणि मग कराचा विषय निघाला, तशी बाई बसली होती ती उभीच राहिली. शिक्षणसंस्थांच्या इमारतींना मालमत्ता कर माफ. गावातला सर्वांत मोठा मालक वर टेकडीवर, आणि बर्फ काढायचा, आग विझवायची, रस्ते राखायचे ते गावाने. २०२३ मधे बरीच ओढाताण होऊन करार झाला: विद्यापीठ शहराला वर्षाला ४० लाख डॉलर स्वखुशीने देणार, पंधरा वर्षं. आधी याच्या निम्म्याहून कमी देत होते. "स्वखुशीने" म्हणताना तिने जे तोंड केलं, त्याला भाषांतर लागत नाही. दुसरीकडे गावात उंच इमारती बांधणाऱ्यांना पहिली काही वर्षं करात सूट मिळते. मग उरलं कोण? घरमालक. आणि ते आमच्या भाड्यातून वसूल करतात.

इथे भाच्याने तोंड उघडलं. सूट दिली नाही तर बांधणारच नाहीत, आणि वरच्या मजल्यांवर माणसं राहिली नाहीत तर खालचं दुकान जूनमधे चालणार कसं? त्याचं म्हणणं पुस्तकात बरोबर असेल. मला बाईचं पटलं. तिच्या दुकानात मी उभी होते, हेही कारण असेल.

बाहेर खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या स्मरणार्थ १९९७ मधे उभारलेल्या ग्रहमालेचा सूर्य आहे. तिथून तीस मीटरवर पृथ्वी, बाजरीच्या दाण्याएवढी. भाचा ती दाखवत होता, पण नवऱ्याला भूक लागली होती. जुन्या हायस्कूलच्या इमारतीत सत्तरच्या दशकात दुकानं आणि घरं केलीत, तिथे शाकाहारी जेवणाची सोय आहे कळल्यावर आमचा जीव भांड्यात पडला.

दुपारच्या बसमधे वाद पुन्हा सुरू. भाच्याच्या दोन बॅगा खाली डिकीत, पंखा माझ्या मांडीवर.

"वर्षभर राहणारी माणसं हवीत, मावशी. तरुण, नोकरदार, गाडी नको असलेली."

"म्हणजे तुझ्यासारखी."

"हो, तशीच."

नवऱ्याने डोळे न उघडता विचारलं, "मग तू का निघालास रे?"

"अहो काका, इथलं घरभाडं बघितलंत का?"

"आणि न्यूयॉर्कात?"

"तिथे पगार तरी आहे."